श्यामकांतरावांचं टनेज

श्यामकांत किर्पेकरांना जर्मनीत येऊन महिना होत आला होता आणि तेवढ्या काळात जर्मन भाषेतला एकच शब्द त्यांच्या तोंडी पक्का बसला होता, 'गेनाऊ'. म्हणजे 'अगदी बरोबर'. हा शब्द त्यांना इतका आवडला की बेकरीतली बाई काय विचारतेय हे न कळताही ते ठासून 'गेनाऊ' म्हणत, आणि मग जे पदरात पडेल ते घेऊन घरी येत. एकदा साधे पाव आणायला गेले आणि खसखशीचं सारण भरलेला हातभर लांब केक घेऊन आले.

"अहो, निदान बोट तरी दाखवायचं," सरलाताई म्हणाल्या.

"दाखवलं की. मग ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, गेनाऊ."

समोरच्याचं बरोबर आहे असं म्हणायची ही सवय त्यांना मराठीत मात्र अजिबात नव्हती.

भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचं प्लास्टिक मोल्डिंगचं वर्कशॉप होतं. बादलीच्या कड्या, डब्यांच्या क्लिपा, मिक्सरच्या भांड्यांची झाकणं, असला माल तिथे निघायचा. वय झालं तशी त्यांनी मशिनं विकली, पण मशिनं गेली तरी मशीनवाला जात नाही. कुठेही प्लास्टिकची वस्तू दिसली की ते ती उलटी करून बघत, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि निकाल देत. विमानात मिळालेल्या चमच्याचाही निकाल लागला होता. हवाईसुंदरीने तो शांतपणे ऐकून घेतला होता.

मुलगा रोहन मोटारींकडे वळला आणि त्सुफेनहाउझेनला एका कंपनीत इंजिनिअर झाला, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं होतं. ते दुःख सुनेने भरून काढलं. कौमुदी शिकलीच होती पॉलिमर इंजिनिअरिंग. तिचं स्थळ आलं तेव्हा सरलाताई पत्रिका बघत होत्या आणि श्यामकांतराव मुलीला विचारत होते, "पॉलिप्रॉपिलीनचं श्रिंकेज किती धरता तुम्ही?" माल थंड होताना किती आकसतो ते तिने सांगितलं, वर "ग्रेडवर आहे" असंही म्हणाली. पत्रिकेचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आता कौमुदी बीटिगहाइमच्या बाजूला जेवणाचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होती. रोज संध्याकाळी ती घरी आली की श्यामकांतराव चहाचा कप तिच्यापुढे सरकवत आणि कोर्टातल्या वकिलासारखे समोर बसत.

"मग? आज काय चाललं?"

पहिले काही दिवस हे फार छान चाललं. मग एका संध्याकाळी कौमुदीने सहज सांगितलं, की डब्याच्या झाकणाच्या मशीनवर तिने क्लॅम्पिंग फोर्स, म्हणजे टनेज, एकशेचाळीस टनांवरून नव्वदवर आणलाय, आणि त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले.

"नव्वद?" श्यामकांतरावांनी कप खाली ठेवला. "अगं, मशीन दीडशेचं आहे ना?"

"आहे. पण हिशेबाने सत्तर-पंचाहत्तर पुरतात, बाबा. वर थोडं राखून नव्वद."

"हिशेबाने," श्यामकांतराव म्हणाले, जसं कुणी 'म्हणे' म्हणतं तसं.

सरलाताई भाजी निवडत होत्या. इतकी वर्षं भोसरीच्या माणसाशी संसार करून त्यांनी टनेज हा शब्द पुष्कळदा ऐकला होता, पण तो नक्की काय हे विचारायची वेळ आली नव्हती. आता त्यांनी विचारलं. श्यामकांतराव खुलले. साच्याचे दोन अर्धे असतात, ते समोरासमोर मिटतात, मग वितळलेलं प्लास्टिक प्रचंड दाबाने आत मारतात. ते प्लास्टिक साच्याला आतून ढकलतं, फाकवू बघतं. तो फाकू नये म्हणून मशीन त्याला बाहेरून धरून ठेवतं. त्या धरण्याचा जोर म्हणजे टनेज. हे सगळं त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर दाबून, चेहरा लाल होईपर्यंत करून दाखवलं.

"म्हणजे सँडविचच्या टोस्टरचं झाकण आपण वरून दाबून धरतो, तसंच ना?" सरलाताई म्हणाल्या.

श्यामकांतरावांच्या उभ्या आयुष्याचा कुणी एवढा थोडक्यात निकाल लावला नव्हता. कौमुदीला हसू आवरेना. नात ईप्सिता गृहपाठावरून मान वर करून म्हणाली, "गेनाऊ, ओमा!" आजीला ती जर्मन मुलांसारखी ओमा म्हणे.

"टोस्टर नाही," श्यामकांतराव म्हणाले. "आणि समजा टोस्टरच. झाकण ढिलं धरलंस तर काय होतं? चटणी बाहेर येते. तोच फ्लॅश. म्हणून माझा नियम, टनेज भरपूर ठेवायचं. जोर जास्त असला म्हणून कधी कुणाचं बिघडलंय?"

"बिघडतं की, बाबा. साच्यातली हवा जायला बारीक वाटा ठेवलेल्या असतात. जास्त आवळलं की त्या बुजतात, मग कोंडलेली हवा तापून माल करपतो. साच्याच्या कडा चेपून बसतात. वीजही जास्त लागते. साचा मिटलेला राहील इतका जोर पुरे, त्यापुढचा उगाच."

"आमचा माल कधी करपला नाही."

"बाबा," कौमुदी अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या बादलीच्या कड्या काळ्या रंगाच्याच होत्या ना?"

सरलाताईंनी भाजीत तोंड लपवलं.

यात एक गंभीर गोष्टही होती, ती कौमुदीने त्या दिवशी सांगितली नाही, रोहनकडून नंतर कळली. तिचे साहेब, हेर हेबर्ले, उत्पादनाचे प्रमुख, पक्के स्वाबियन, म्हणजे याच भागातले मूळचे. स्वाबियन माणूस काटकसरीत पुण्याच्या माणसालाही हात टेकायला लावील. त्यामुळे वीज वाचणार म्हटल्यावर हेबर्लेंना कल्पना आवडली, पण इतकी वर्षं बिनबोभाट चाललेल्या सेटिंगला हात लावायचा म्हटल्यावर धीर होईना. त्यांनी कौमुदीला एक मशीन दिलं. म्हणाले, कारखान्याचा 'टाग डेअर ऑफनन ट्यूर' येतोय, म्हणजे सगळ्यांना कारखाना उघडा असतो तो दिवस. त्या दिवशी हेच मशीन गावकऱ्यांपुढे चालवू, येईल त्याला गरमगरम झाकण हातात देऊ. तुझं नव्वद टन तिथे टिकलं तर बाकीच्या मशिनांवरही करू. नाही टिकलं तर विषय बंद.

हे ऐकल्यावर श्यामकांतराव चहाच्या वेळी टनेजवर बोलायचे थांबले. म्हणजे तोंडाने थांबले. मनातून त्यांना वाटत होतं, पोरगी हुशार आहे, पण नव्वद म्हणजे फारच ताणतेय. हिच्या पाठीशी काहीतरी पाहिजे.

कारखाना उघडा असायचा तो दिवस शनिवारी, दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी आला. खंडेनवमीला घरात आयुधांची पूजा झाली होती. आयुधं म्हणजे कौमुदीचा लॅपटॉप, तिचा मापं घ्यायचा व्हर्नियर, रोहनचा ड्रिल आणि ईप्सिताची स्कूटर. भोसरीला श्यामकांतराव दर वर्षी प्रत्येक मशीनला हार घालत, साच्याला हळदकुंकू लावत आणि कुंकवात कालवलेल्या अक्षता वाहत. यंदा ताटलीत थोड्या अक्षता उरल्या होत्या. शनिवारी सकाळी सरलाताईंनी बघितलं तर ताटली रिकामी.

"अक्षता कुठं गेल्या हो?"

"पाखरांना घातल्या," श्यामकांतराव म्हणाले आणि कोटाच्या खिशावर हात ठेवला.

कारखान्याच्या अंगणात तंबू ठोकले होते. सॉसेजचा धूर, ब्रेत्सेलचा, म्हणजे पिळाच्या खारट पावाचा वास, मुलांसाठी हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला. रोहन आणि सरलाताई ईप्सिताला घेऊन किल्ल्याकडे गेले. कौमुदी सासऱ्यांना घेऊन सरळ शेडमध्ये आली. लोकांना आत सोडायला अजून अवकाश होता. झाकणाचं मशीन मधोमध होतं, पुसूनपुसून लख्ख. भोवती दोर बांधलेला. ते अजून सुरू झालं नव्हतं. पुढचं संरक्षक दार सरकवून उघडं ठेवलेलं होतं आणि आत साच्याचे दोन अर्धे समोरासमोर वासून उभे होते, आरशासारखे चकचकीत.

श्यामकांतरावांना भरून आलं. इतका देखणा साचा भोसरीत बघायला मिळाला नव्हता.

"वा," ते म्हणाले. "वा, वा."

"बघा, पण इथूनच," कौमुदी म्हणाली. तेवढ्यात तिला हेबर्लेंनी हाक मारली, माईक चालत नव्हता. "आलेच हं, बाबा. हात लावू नका कशाला."

आणि ती वळली.

आता त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की हात लावायचा त्यांचा विचार नव्हता. मशीनच्या पत्र्यावर चार दाणे टाकावेत, मनात हात जोडावेत, बस्स. पण सवय ही मोठी चीज असते. साच्याची पूजा साच्यावरच करायची, हे तीसेक दसऱ्यांनी त्यांच्या मनगटात भरवलेलं. मनगट दोरावरून, दारातून आत गेलं, चिमूट सुटली, आणि ओठांतल्या ओठांत ते पुटपुटले, "पोरीला यश दे." मग हात मागे घेऊन त्यांनी कोटावर पुसला आणि चेहरा असा केला की जणू ते छताच्या दिव्यांची बांधणी निरखत आहेत.

लोक आत आले. कौमुदीने माईकवर स्वागत केलं. तिचं जर्मन श्यामकांतरावांना कळत नव्हतं, पण लोक दोनदा हसले, त्यावरून चांगलं चाललंय हे कळलं. मशीन लावणारा मारेक नावाचा धिप्पाड माणूस पॅनलपाशी होता. त्याने दार सरकवून बंद केलं, बटण दाबलं, साचा मिटला, मशीनने दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि थोड्या वेळाने पहिलं झाकण पट्ट्यावर पडलं. दुधी, अर्धपारदर्शक, मऊ ऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांतरावांनी सगळ्यांच्या वरताण वाजवल्या.

मारेकने झाकण उचललं आणि त्याच्या भुवया जवळ आल्या. त्याने ते कौमुदीला दिलं. कौमुदीने कडेवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्याशी प्लास्टिकचा पातळसा पापुद्रा बाहेर आला होता, नखाएवढा.

जर्मन लोक त्याला 'श्विमहाउट' म्हणतात, बदकाच्या बोटांमधल्या पडद्यावरून. भोसरीत त्याला फ्लॅश म्हणतात आणि सोबत एक शिवी देतात.

दुसरं झाकण पडलं. पापुद्रा होताच. तिसऱ्यालाही होता. दोराबाहेर हात पुढे आलेले होते आणि मारेक झाकणं वाटायचं सोडून बाजूच्या खोक्यात टाकत होता. हेर हेबर्लेंनी एक उचलून उजेडात धरलं. त्यांनी फक्त कौमुदीकडे बघितलं आणि पॅनलवरच्या नव्वद या आकड्याकडे बघितलं.

आणि श्यामकांतरावांच्याने राहवलं नाही. दोरापलीकडून भोसरीचा आवाज शेडमध्ये घुमला.

"कौमुदी! टनेज वाढव! मी सांगत होतो!"

मराठी कुणालाच कळलं नाही, पण दोन्ही हात एकमेकांवर दाबून दाखवलेलं सगळ्यांना कळलं. हेबर्लेंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. आपल्या बाजूचा माणूस भेटला की माणूस हलवतो तशी. मग ते मारेकला म्हणाले, "आल्झो, चला तर. परत एकशेचाळीस."

मारेकचा हात पॅनलकडे गेला.

"थांब," कौमुदी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नव्हता उतरला. "जोर कमी पडला असता तर सगळीकडून थोडं थोडं आलं असतं. हे एकाच कोपऱ्यात आहे, आणि काल इथेच तासन् तास चाललंय, काही नव्हतं. आधी कारण बघू या."

"लोक उभे आहेत, फ्राउ किर्पेकर."

"पाच मिनिटं द्या."

हेबर्ले घड्याळाकडे बघू लागले. तोवर मारेकने खोक्यातली झाकणं बारकाईने बघायला घेतली होती. तो म्हणाला, इथे गुलाबी दिसतंय काहीतरी. मागच्या आठवड्यात या मशीनवर लाल झाकणं निघाली होती, त्यांचा रंग आत राहिला असेल. सगळं धुवून काढावं लागेल. म्हणजे तर आजचा खेळ संपलाच.

झाकण, आणि सोबत इंग्रजीत मारेकचं म्हणणंही, हातोहात फिरत श्यामकांतरावांपर्यंत आलं. पाहुणा जाणकार आहे हे त्या हातवाऱ्यांवरून सिद्धच झालं होतं. त्यांनी सवयीने ते उलटं केलं, कडेवरून नख फिरवलं, पापुद्रा डोळ्यांजवळ नेला. पापुद्र्यात एक फिकट गुलाबी ठिपका होता. लाल नव्हे. लाल आणि पांढऱ्याच्या मधला, घरगुती, ओळखीचा गुलाबी.

श्यामकांतरावांनी झाकण खाली केलं.

तो रंग त्यांनी स्वतःच्या बोटांवर बघितला. कोटावर पुसूनही अंगठ्याच्या रेषांत तो अजून होता. त्यांनी हात खिशात घातला. खिशात कागदाची पुडी लागली, म्हणून परत बाहेर काढला. मग पाठीमागे घेतला.

माणसाचं मन अशा वेळी काय काय सुचवतं! ते म्हणालं, श्यामकांत, गप्प बस. रंग म्हणतायत तर रंग. मशीन धुतील, दाणा निघून जाईल, कुणाला कळणार नाही. आणि तू तर टनेजचं बरोबरच सांगत होतास, साहेबसुद्धा तुझ्या बाजूला आहेत. या वयात, परक्या देशात, सुनेच्या कारखान्यात शोभा कशाला?

मग त्यांनी कौमुदीकडे बघितलं. ती गुडघ्यावर बसून खोक्यातली झाकणं एकावर एक लावून बघत होती, कोपरा तोच आहे ना याची खात्री करत. एकटीच. आणि मारेकचा हात अजून त्या आकड्यापाशीच होता.

दोर त्यांनी उचलला नाही. तिथूनच, यावेळी अगदी हळू, हाक मारली.

"कौमुदी. जरा ऐक."

"बाबा, आत्ता टनेज नको, प्लीज."

"टनेज नाही गं. तांदूळ आहे."

"काय?"

"तांदूळ. अक्षता." त्यांनी खिशातून पुडी काढून तळहातावर ठेवली. "मघाशी तू वळलीस ना, तेव्हा मी… दसऱ्याच्या उरलेल्या… तुझ्यासाठीच गं."

कौमुदी पुडीकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले. हसू येतंय की रडू हे न ठरलेल्या माणसासारखे तिचे ओठ एका बाजूला वाकडे झाले. ती उठली आणि म्हणाली, "मारेक, थांबव. दार उघड."

बॅटरीच्या उजेडात तिने साच्याचा तो कोपरा बघितला. होताच तो. बिचाऱ्या दाण्याचा मिटत्या साच्यात पार भुगा होऊन वर दाबून पापड झाला होता. दोन अर्ध्यांच्या मधे, कागदाहून पातळ, कुंकवाने गुलाबी. एवढ्याशा फटीतून प्लास्टिक बाहेर डोकावत होतं. पोलादाला ओरखडा जाऊ नये म्हणून तिने पितळेच्या पट्टीने तो हलकेच सोलून काढला, कापडाने पुसलं आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग सबंध साचा पुसला. आणखी दोन दाणे खालच्या पत्र्यावर सापडले, ते निरुपद्रवी होते.

"वास इस्ट डास?" हे काय आहे, असं हेर हेबर्लेंनी विचारलं.

कौमुदीने तोंड उघडलं. ती 'कचरा' म्हणणार होती. तसं म्हटलं असतं तर खोटंही नव्हतं. पण त्याआधीच दोरापलीकडून, मान ताठ करून, श्यामकांतराव इंग्रजीत म्हणाले, "राइस, सर. माझा तांदूळ आहे. मी तुमच्या मशीनला आशीर्वाद दिला."

मारेकने तोंडावर हात धरला आणि पाठ वळवली; त्याचे खांदे हलत होते. पुढे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी शेजारणीला विचारलं, "काय म्हणाले ते?" शेजारणीने सांगितलं. मग ते शेडभर झालं.

हेबर्ले मात्र हसले नाहीत. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "तुमचा हात आत गेला होता? साच्यात?"

"गेनाऊ," श्यामकांतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्यांनी नेमक्या जागी वापरला.

हेबर्ले कौमुदीकडे वळले आणि खालच्या आवाजात काही बोलले. बोलणं थोडंच होतं. कौमुदी मान खाली घालून ऐकत होती आणि शेवटी 'या', म्हणजे 'हो', म्हणाली. श्यामकांतरावांना शब्द कळले नाहीत, पण हा बोल माझा होता आणि तिने घेतला, हे कळायला भाषा लागत नाही.

मग मारेकने विचारलं, "साहेब, आता किती लावू? एकशेचाळीस?"

"नव्वद," कौमुदी म्हणाली, सासऱ्यांनाही कळावं म्हणून इंग्रजीत. "आणि हेर हेबर्ले, एक सांगते. एकशेचाळीसवर हा पापड आणखी चेपला असता. फ्लॅश कदाचित दिसलाही नसता. आपण दिवसभर झाकणं काढली असती आणि तो साच्याच्या कडेत रुतत गेला असता. तांदळाचं जाऊ द्या, उद्या प्लास्टिकची कडक चकती अडकली तरी असंच होणार. जोर कमी होता म्हणून पहिल्याच झाकणाला कळलं."

हेबर्लेंनी विचार केला. विचार करताना ते गालाच्या आतली बाजू चावत. श्यामकांतरावही विचार करत होते. भोसरीला त्यांच्या साच्यांचे कोपरे दोन-दोन वर्षांत बसायचे. दर वेळी ते साचा करणाऱ्या हरीशला फोन करून झापायचे, तुझं पोलाद कच्चं आहे म्हणून. हरीश बिचारा म्हणायचा, "साहेब, टनेज थोडं कमी करून बघा ना." आणि हे म्हणायचे, "तू मला शिकवू नकोस." हरीश अजून आहे का कुणास ठाऊक, त्यांच्या मनात आलं. असेल. फोन करावा.

साचा मिटला. झाकण पडलं. मारेकने ते उचललं, कडेवरून बोट फिरवलं आणि न बोलता हेबर्लेंना दिलं. कड स्वच्छ होती. पुढचंही स्वच्छ, त्यापुढचंही. हेबर्लेंनी ते गरम झाकण त्या आजीबाईंच्या हातात दिलं आणि माईक घेऊन काहीतरी म्हणाले. लोक खळखळून हसले, सगळ्यांच्या माना श्यामकांतरावांकडे वळल्या, आणि टाळ्या पडल्या.

"काय म्हणाला?" त्यांनी कौमुदीला विचारलं.

"म्हणाले, आमच्या सगळ्या मशिनांना सुरक्षिततेचा सीई मार्क आहे. हे पहिलंच मशीन, ज्याला त्याशिवाय आशीर्वादही आहे."

दुपारभर झाकणं निघत राहिली. सोमवारपासून आणखी दोन मशिनांवर जोर कमी करून बघायचा, हे हेबर्लेंनी जाता जाता कौमुदीला सांगितलं. 'सगळ्या' म्हणाले नाहीत. स्वाबियन माणूस एकदम सगळ्या कशाला म्हणेल?

गर्दी ओसरल्यावर कौमुदी सासऱ्यांना शोधत बाहेर आली. ते कारखान्याच्या मागच्या बाकावर बसले होते, हात मांडीवर पालथे ठेवून. ती शेजारी बसली.

"रागावलीस," ते म्हणाले.

"हो."

"तांदळाने घोळ घातला खरा. साहेबांसमोर तुझं नाव…"

"तांदळाचं नाही हो, बाबा." ती थांबली. तिचा आवाज इतका वेळ टिकला होता, तो आत्ता हलला. "तुमचा हात आत होता. दार उघडं होतं, मशीन बंद होतं, सुरू झालंच नसतं, सगळं मला माहिती आहे. तरी. मी पाठ फिरवली आणि तुमचा हात आत होता. हे मला आता रात्री आठवणार. हेबर्ले तेवढंच बोलले, आणि बरोबर बोलले."

श्यामकांतरावांनी आपल्या हातांकडे बघितलं. भोसरीत दारं बांधून उघडी ठेवायचे, काम लवकर उरकतं म्हणून. त्यांची दहाही बोटं शाबूत होती, पण शेजारच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यांची नव्हती. या गोष्टीबद्दल ते कधी बोलत नसत.

"चुकलो गं," ते म्हणाले. मराठीत, स्पष्ट.

कौमुदीने त्यांच्याकडे चमकून बघितलं. हे वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं. साक्षीला सासूबाई हव्या होत्या, असं तिच्या मनात आलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"परत म्हणा ना. रोहनला फोन लावते, त्यालाही ऐकवू."

"एकदा म्हटलं, पुरे. त्यापुढचं उगाच."

तेवढ्यात सरलाताई कोपऱ्यावरून आल्या, हातात कागदी बशी, बशीत बटाट्याची कोशिंबीर. मागे रोहन, त्याच्या खांद्यावर दमून पेंगलेली ईप्सिता. सरलाताईंनी नवऱ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"अहो, तिकडे सगळा तंबू कुठल्याशा भारतीय आजोबांबद्दल बोलतोय. रोहनने सांगितलं मला. पाखरांना घातल्या होत्या ना अक्षता?"

श्यामकांतरावांनी बशी घेतली, चमच्याने एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"व्हिनेगर फार आहे," ते म्हणाले. "आणि फोडणी नाही."

"आणू नको का मग आणखी?" सरलाताईंनी विचारलं.

"मी असं कुठे म्हटलं?" श्यामकांतराव म्हणाले आणि दुसरा घास घेतला.